रेस्टलेस लेग्जची गोळी सोडताना: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

ज्यांचे पाय रात्री स्वस्थ पडू देत नाहीत आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं गोळी घेतलीय, त्यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, सहा वर्षं प्रामिपेक्सोल घेतलं आणि मग सोडलं. खालचे डोसचे आकडे डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून दिलेत, स्वतःच्या मनाने कापाकापी करायला नाही. पुढे आरएलएस म्हणजे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, आणि "डोपामिनवाली गोळी" म्हणजे मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी औषधं: प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल आणि रोटिगोटिनचा पॅच (पॅच गोळी नाही, माहितीये, पण जात एकच).

१. मला गोळीने छान झोप लागते, तरी बंद करायलाच हवी का?

नाही. डोस छोटा आहे, कित्येक वर्षं तोच आहे, त्रास अजूनही रात्री झोपतानाच सुरू होतो आणि स्वभावात काही विचित्र बदल नाही, तर उद्या सकाळी उठून बंद करावी असं काही नाही. पण डॉक्टरांशी विषय मात्र काढून ठेवा, कारण या गोळ्यांबद्दलचं मत आता पार बदललंय. अमेरिकेत रोपिनिरोलला आरएलएससाठी २००५ मध्ये मंजुरी मिळाली, प्रामिपेक्सोलला २००६ मध्ये, आणि पुढची बरीच वर्षं सगळीकडे पहिली चिठ्ठी याच गोळ्यांची असायची. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने नवीन गाइडलाइन काढली आणि त्यात ही औषधं नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असं सुचवलं. कारण पुढच्या प्रश्नात.

२. आधी रात्री अकराला सुरू व्हायचं, आता दुपारी चारलाच पाय शिवशिवतात आणि हातातही आलंय. आजार वाढलाय का?

असेलही, पण जास्त शक्यता ही की गोळीच आजाराला खतपाणी घालतेय. याला ऑगमेंटेशन म्हणतात. खुणा अशा: त्रास दिवसात लवकर सुरू होतो, बसल्यावर आधी तासाभराने यायचा तो आता पाच मिनिटांत येतो, पायातून हातात किंवा अंगात पसरतो, गोळीचा असर कमी तास टिकतो. आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे डोस वाढवला की दोनचार महिने बरं वाटतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं. मी हा जिना तीनदा चढले, प्रत्येक वेळी वाटलं की आता सापडला बरोबर डोस.

हे पहिल्यांदा १९९६ मध्ये लेवोडोपाच्या (पार्किन्सन म्हणजे कंपवातावरचं जुनं औषध) बाबतीत नीट नोंदवलं गेलं, त्यात प्रमाण सगळ्यात जास्त असतं. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोलमध्ये ते हळू येतं, वर्षं लागतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. डोस जितका जास्त आणि शरीरात लोह जितकं कमी तितका धोका जास्त. पण डोस वाढवायच्या आधी एक बघा की मध्ये काही नवीन औषध सुरू झालंय का (प्रश्न १०), लोह कमी झालंय का (प्रश्न ६), कारण तसं असेल तर ते ऑगमेंटेशन नसूही शकतं.

३. मग आजपासून एकदम बंद केली तर?

करू नका. दोन कारणं. एक तर त्रास असा उसळतो की माणूस रात्रभर येरझाऱ्या घालतो, बसून जेवतासुद्धा येत नाही. दुसरं म्हणजे या जातीची औषधं एकदम तोडल्यावर क्वचित ताप, स्नायू ताठ होणं, भ्रम असा गंभीर प्रकार होतो. तसं काही झालं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं. काही तज्ज्ञ ठरवून औषध थोड्या दिवसांत पूर्ण थांबवतात, पण ते देखरेखीखाली, आधी तयारी करून. "गोळ्या संपल्या आणि आणायला जमलं नाही" ही त्यातली पद्धत नाही, म्हणून आठवड्याचा साठा कायम हातात ठेवा.

४. डोस किती कमी करायचा आणि किती दिवसांनी?

एकच वेळापत्रक सगळ्यांना चालत नाही. साधारण पायरी अशी असते: प्रामिपेक्सोल ०.१२५ मिग्रॅने कमी, रोपिनिरोल ०.२५ ते ०.५ मिग्रॅने कमी, आणि दोन पायऱ्यांमध्ये काही दिवस ते दोन आठवडे. डोस खूप वर गेलेला असेल तर सुरुवातीच्या पायऱ्या बऱ्यापैकी सहज जातात. लोक तिथे खूश होतात आणि घाई करतात. शेवटची अर्धी गोळी मात्र रडवते, तिथे वेग कमी करायचा. मी शेवटच्या ०.१२५ वर तीन आठवडे थांबले, मग अर्धी, मग शून्य, आणि शून्याचा दिवस असा निवडला की पुढचे दहाबारा दिवस कोणालाही तोंड दाखवायचं नव्हतं.

एक घोळ नेहमी होतो. काही देशांत प्रामिपेक्सोलच्या पाकिटावर ०.१२५ लिहिलेलं असतं आणि काही ठिकाणी ०.०८८. गोळी तीच आहे, एक आकडा क्षाराचा आणि दुसरा मूळ औषधाचा. दुसऱ्या कोणाचं वेळापत्रक बघून हिशोब करायला गेलात तर इथे गंडाल.

५. हा त्रास किती दिवस चालतो? खरं सांगा.

खरं सांगायचं तर पूर्ण बंद केल्यानंतरचे ४ ते १० दिवस सगळ्यात वाईट, काहींना दोन आठवडे. त्यातल्या पहिल्या काही रात्री झोप जवळजवळ लागतच नाही, लागली तर पहाटे तासदोन तास. मग एखादी रात्र तीन तासांची येते, पुढची परत कोरी जाते, आणि असं वरखाली होत होत उतार पडतो. त्यानंतरही पुरतं सावरायला कित्येक आठवडे लागू शकतात, वर्षानुवर्षं मोठा डोस घेतला असेल तर अजून जास्त.

आता जे मला आधी कोणी सांगायला हवं होतं ते सांगते. त्या दहा दिवसांत पायांची जी अवस्था असते तो तुमचा आजार नाही. तो गोळी निघून गेल्याचा उसळा आहे. तिसऱ्या रात्री तीन वाजता माणसाला वाटतं की गोळीशिवाय माझे पाय हे असे आहेत, आयुष्यभर असेच राहणार, आणि तो कपाटाकडे जातो. खरा आजार केवढा आहे हे औषध जाऊन सगळं निवळल्यावरच कळतं. बऱ्याच जणांचा तो परत रात्रीपुरता आणि पायांपुरता होतो. म्हणून त्या दिवसांत कसलाही निर्णय घ्यायचा नाही. आणि हो, गाडी चालवायची नाही.

६. सुरू करण्याआधी तयारी काय करू?

लोह तपासा. यापेक्षा स्वस्त आणि महत्त्वाचं दुसरं काही नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय), दोन्ही. सकाळी, उपाशीपोटी, आणि आधीचा किमान एक दिवस लोहाची गोळी न घेता. नुसतं हिमोग्लोबिन बघून "ठीक आहे" म्हणणं इथे चालत नाही, कारण आरएलएसमध्ये मुद्दा मेंदूतल्या लोहाचा असतो आणि हिमोग्लोबिन चांगलं असूनही तिथे कमी असू शकतं.

बाकी तयारी व्यवहाराची. जागं राहायला खोली, घरच्यांना कल्पना, सुट्टी, आणि एक वही, ज्यात रोज त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती झोप झाली एवढंच लिहायचं. ती वही डॉक्टरांना दाखवायला फार कामाला येते, कारण अशा वेळी आपली आठवण भरवशाची नसते.

७. माझं फेरिटिन ३५ आहे, लॅबने नॉर्मल लिहिलंय, डॉक्टरही काही बोलले नाहीत.

लॅबची नॉर्मल रेंज सर्वसाधारण माणसासाठी असते. आरएलएससाठी रेष वेगळी आहे: मोठ्या माणसात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली, नाहीतर सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात, गोळीने किंवा शिरेतून. ७५ ते १०० च्या मध्ये असेल तर गोळीचा फारसा उपयोग होत नाही, तिथे शिरेतून देण्याचा विचार होतो. तुमचं ३५ म्हणजे या हिशोबाने कमीच आहे, हा आकडा घेऊन परत जा.

लोहाची गोळी चहाकॉफी, दूध, कॅल्शियम, अँटासिड यांच्यापासून लांब घ्यायची, व्हिटॅमिन सी बरोबर चांगली शोषली जाते, आणि एक दिवस आड घेतली तरी चालते, पोटालाही बरं पडतं. फरक दिसायला साधारण तीन महिने धरा, शिरेतून दिलं तरी काही आठवडे लागतातच. दोन सावधगिऱ्या. अंगात इन्फेक्शन किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं जास्त दिसतं, म्हणून सॅच्युरेशन बघायचं. आणि तपासणी न करता लोह खात सुटायचं नाही, काही जणांच्या शरीरात ते आधीच साठलेलं असतं.

८. आधी जुनी गोळी बंद करायची की आधी नवीन सुरू करायची?

सहसा आधी नवीन. गॅबापेंटिन किंवा प्रेगाबालिन (मुळात फिट आणि नसांच्या दुखण्यावरची औषधं) सुरू करून, उपयोगी डोसपर्यंत नेऊन, मग डोपामिनवाली हळूहळू उतरवतात. म्हणजे काही आठवडे दोन्ही एकत्र चालतात, त्यात चक्कर आणि झापड जास्त येऊ शकते, वयस्कर माणसांनी रात्री उठताना सांभाळून. किडनी कमजोर असेल तर ही दोन्ही औषधं कमी डोसमध्ये द्यावी लागतात, हे आठवणीने सांगा. तशी प्रामिपेक्सोलही किडनीवाटेच जाते.

९. गॅबापेंटिन सुरू करून दहा दिवस झाले, काडीचा फरक नाही. माझ्यावर ते चालतच नाही का?

इतक्यात म्हणू नका. वर्षानुवर्षं डोपामिनवाली गोळी घेतलेल्या माणसाला त्या गोळीचा तडाखेबाज असर सवयीचा झालेला असतो, तासाभरात पाय शांत. गॅबापेंटिन तसं काम करत नाही, आणि जुनं औषध शरीरातून जाऊन उसळा ओसरेपर्यंत त्याचा खरा उपयोग कळतही नाही. शिवाय सुरुवातीचा डोस बऱ्याचदा फार छोटा असतो. मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियमचं अँटासिड घेत असाल तर गॅबापेंटिन त्यानंतर दोन तासांनी घ्या, नाहीतर कमी शोषलं जातं. मात्र मूड खाली जातोय असं वाटलं तर थांबू नका, लगेच कळवा, हे औषध काहींना तसं करतं.

१०. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेची साधी गोळी आणली. चालेल ना?

आधी मागे काय लिहिलंय ते वाचा. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बऱ्याच झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांमध्ये डायफेनहायड्रामिनसारखं जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन असतं, आणि त्याने झोप येते पण पाय पेटतात. म्हणजे डोळे मिटतायत आणि पाय नाचतायत, याच्याइतकी वाईट रात्र नाही. तसंच मळमळीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन. ही दोन मेंदूत डोपामिन अडवतात. मळमळीला डोम्पेरिडोन त्या मानाने बरं, ते मेंदूत फारसं जात नाही, पण हृदयाचा त्रास असेल तर विचारूनच. डिप्रेशनवरच्या पुष्कळ गोळ्यांनीही पायांचा त्रास वाढतो, मिर्टाझापिन त्यात कुप्रसिद्ध, ब्युप्रोपिऑन सहसा त्रास देत नाही. पण चालू असलेली डिप्रेशनची गोळी केवळ पायांसाठी आपल्या मनाने तोडू नका, एका वेळी एकच गोष्ट सोडायची. आणि दारू? पहिला तास बरं वाटतं, पुढची रात्र वाया.

११. मग रात्री दोन वाजता मी नक्की करू तरी काय?

पडून झगडत राहू नका, उठा. चालणं, पोटऱ्या ताणणं, गरम पाणी किंवा गार पाणी (ज्याचं त्याला कळतं कुठलं चालतं, मला आलटून पालटून), पिंडऱ्या घट्ट दाबणं, चोळणं. डोकं गुंतवणारं काम हेही खरंच औषध आहे. शब्दकोडं, हिशोब, विणकाम, भांडायला कोणी जागं असेल तर तेही, कारण मन कंटाळलं की पाय जास्त ओढतात. नुसतं टीव्हीसमोर बसणं सगळ्यात वाईट. उभं राहून काम करता येईल असं उंच टेबल असेल तर फार बरं. कॉफी त्या दिवसांत तरी सोडा, दिवसा झोप आवरत नसली तरी. व्यायाम दिवसा आणि माफक, रात्री दमछाक केली तर उलटंच होतं. मॅग्नेशियमबद्दल खूप जण विचारतात, त्याचा पुरावा कमजोर आहे, कोणाला बरं वाटत असेल आणि किडनी चांगली असेल तर घ्या बापडे.

पिंडरीच्या बाजूच्या नसेला विजेचे सौम्य झटके देणारं एक यंत्र आलंय, त्याला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, औषधाने आराम न पडणाऱ्यांसाठी. ज्यांना ते मिळतंय त्यांनी विचारून बघायला हरकत नाही.

१२. पाय जाऊ दे, मलाच काहीतरी झालंय. छातीत धडधड, रडू येतं, घाम, आणि सारखी ती गोळीच हवीशी वाटते.

हे तुमचं मन कमकुवत असण्याचं लक्षण नाही. डोपामिन अॅगोनिस्ट विड्रॉवल सिंड्रोम (डोपामिनवाली औषधं सोडताना होणारा त्रास) असं त्याला नाव आहे, २०१० मध्ये पार्किन्सनच्या पेशंटमध्ये त्याचं वर्णन झालं आणि आरएलएसवाल्यांनाही होतं. घबराट, उदासी, चिडचिड, थकवा, गळून जाणं, घाम, गोळीची तलफ. मोठ्या डोसवर असणाऱ्यांना आणि प्रश्न १३ मधला प्रकार ज्यांना झालाय त्यांना जास्त. चीड आणणारी गोष्ट अशी की घबराटीच्या नेहमीच्या गोळ्यांनी याला फारसा उतार पडत नाही. वेग कमी करणं हाच मुख्य उपाय, एक पायरी मागे जाऊन जास्त दिवस थांबणं. काहींना आठवड्यांत जातं, काहींना महिने लागतात, आणि थोड्यांना अगदी लहान डोसवर राहावं लागतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणालातरी सांगा आणि मदत घ्या, सकाळची वाट बघत बसू नका.

१३. नवऱ्याने या गोळीवर असताना ऑनलाइन जुगारात पैसे घालवले. गोळीचा संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि हे औषधाच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. जुगार, बेफाम खरेदी, रात्रीचं खाणं, लैंगिक इच्छा अनावर होणं. माणूस लाजेने सांगत नाही आणि त्याला स्वतःला ते गोळीशी जोडताही येत नाही, म्हणून घरच्यांनीच डॉक्टरांना सांगायचं. डोस कमी झाला, औषध गेलं की बहुतेकांचं हे जातं. मात्र अशा माणसाला सोडताना प्रश्न १२ चा त्रास व्हायची शक्यता जास्त, म्हणून एकट्याने सोडायला लावू नका, आणि तोपर्यंत पैशाचे व्यवहार दुसऱ्याच्या हातात द्या.

१४. पॅच कापून किंवा लाँग अॅक्टिंग गोळी तोडून डोस कमी करता येईल?

नाही. लाँग अॅक्टिंग गोळी तोडली की सगळं औषध एकदम सुटतं, पॅचही कापायचा नसतो. कमी ताकदीचा पॅच किंवा साधी गोळी लिहून मागा.

१५. मी डोपामिनवाली नाही, प्रेगाबालिन आणि क्लोनाझेपाम घेते. ते सोडायचं असेल तर?

ऑगमेंटेशनचा प्रश्न इथे येत नाही, पण एकदम बंद करणं इथेही धोक्याचंच. गॅबापेंटिन, प्रेगाबालिन एकदम तोडलं तर घाम, घबराट, निद्रानाश, आणि फिट येऊ शकते. निदान आठवडाभर तरी उतरवत न्यायचं, खूप वर्षं घेतलं असेल तर बरंच जास्त. क्लोनाझेपाम (घबराट, फिट यांवरची, झापड आणणारी गोळी) तर सगळ्यात हळू, कित्येक आठवडे, कधी महिने, इथे फिटचा धोका खरा आहे. दोन्ही एकाच वेळी सोडायला घेऊ नका.

१६. डॉक्टर म्हणाले त्या दहा दिवसांसाठी ओपिऑइड देतो. मला व्यसन लागेल ही भीती वाटते.

भीती रास्त आहे, पण वाईट ऑगमेंटेशनमधून बाहेर काढायला अगदी लहान डोसमध्ये ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं औषध) वापरणं ही तज्ज्ञांची मान्य पद्धत आहे. काही जण थोड्या दिवसांपुरतं घेतात, काहींचं पुढे तेच कायमचं औषध होतं. आधी स्पष्ट सांगायच्या गोष्टी: झोपेत घोरणं किंवा श्वास अडकणं, दारू, आधीचं कुठलं व्यसन. गॅबापेंटिन किंवा क्लोनाझेपाम सोबत असेल तर श्वास मंदावायचा धोका वाढतो, तेव्हा डोस स्वतःहून अजिबात वाढवायचा नाही. हेही नंतर हळूहळूच सोडतात, आणि सोडल्यावर कधीतरी परत जुना डोस घेणं जिवावर बेतू शकतं, कारण शरीराची सवय मोडलेली असते.

१७. सहाव्या रात्री राहवलं नाही, एक गोळी घेतली. सगळं पाण्यात गेलं का?

नाही गेलं. मीही घेतली होती, पाचव्या रात्री, आणि तासाभरात पाय असे शांत झाले की रडू आलं. पण त्यावरून "मला ही लागतेच" असं काही सिद्ध होत नाही, गोळीने उसळा दबतो हे आपल्याला माहीतच होतं. डॉक्टरांना सांगा, लपवू नका. ते बहुतेक शेवटच्या ज्या डोसवर जमत होतं तिथे थोडे दिवस थांबायला सांगतील. फक्त एक दिवस घेतली, दोन दिवस नाही, परत घेतली असं करू नका, त्याने त्रास लांबत जातो.

१८. ऑपरेशन ठरलंय, दोन दिवस तोंडाने काही घेता येणार नाही.

भूलतज्ज्ञांना आधी भेटून तीन गोष्टी लिहून द्या: आरएलएस आहे, कुठली गोळी किती वाजता घेते, आणि मळमळीला मेटोक्लोप्रमाइड नको (प्रश्न १०), ऑन्डान्सेट्रॉन चालतं. ऑपरेशनमध्ये रक्त गेलं तर लोह कमी होऊन नंतर पाय उसळतात, तेव्हा पुढे फेरिटिन परत बघा. आणि औषध सोडण्याचा कार्यक्रम ऑपरेशनच्या महिन्यात ठेवू नका, एवढं तरी स्वतःवर दया करा.

१९. दिवस गेलेत असं कालच कळलं. गोळी आजच थांबवू?

आजच डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील तसं. गरोदरपणात बहुतेक औषधं शक्य तितकी टाळतात आणि लोहावर भर देतात, पण कसं थांबवायचं हे डोसवर आहे. शेवटच्या तीन महिन्यांत त्रास सहसा वाढतो आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत उतरतो, त्यामुळे तेव्हाची अवस्था बघून नवीन कायमची गोळी सुरू करून घेऊ नका.

२०. वडिलांना पार्किन्सनही आहे आणि आरएलएसही. हे सगळं त्यांना लागू आहे का?

नाही, हे त्यांच्यासाठी वापरू नका. तीच गोळी तिथे हालचालीसाठी, मोठ्या डोसमध्ये असते आणि कमी केली तर चालणं, गिळणंच बिघडेल. त्यांच्या बाबतीत एकही पायरी न्यूरोलॉजिस्टशिवाय हलवायची नाही. तुम्ही एवढंच करा, पाय किती वाजता सुरू होतात ते प्रश्न ६ मधल्यासारखं वहीत लिहा आणि फेरिटिनचा रिपोर्ट सोबत न्या.